दिनविशेष : १८ मे १९७२

या दिवशी दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९१९ पासून भातावर काम करीत आलेले कर्जतचे संशोधन केंद्र त्याच्या अखत्यारीत आले.

शिळफाट्याहून कर्जतकडे निघालेल्या प्रवाशाला आज दुतर्फा जमिनी गुंठ्याच्या भावाने विकल्या जाताना दिसतात, आणि ते पाहून मन विषण्ण होते. तथापि जे खाचर अद्याप पिकते, त्याच्या मालकाला मृगापूर्वी लवकर पिकणारे हळवे, मध्यम मुदतीचे निमगरवे की उशिरा पिकणारे गरवे बियाणे घ्यावे याचा जो निर्णय करता येतो, त्यामागे या केंद्राचे कित्येक दशकांचे परिश्रम उभे आहेत. १९९८ चा ‘सह्याद्री’ हा संकरित भात येथलाच. परंतु माझ्या मते अधिक मोलाचे ते ‘कर्जत-१८४’, ‘कर्जत-३’ यांसारखे साधे हळवे वाण. उंचवट्यावरच्या खाचराची माती पाऊस सरताच तडकू लागते. तेथे गरव्याची लोंबी पोचट राहते, हळवे मात्र तोवर भरून कापणीस येते, आणि त्याच खाचरात, उरलेल्या ओलीवर टाकलेला वाल माघ-फाल्गुनात घरात येतो.