लिंबूटिंबूला तलवार द्यावी का?

नवख्या माणसाला लढवय्या करावं, असं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणारी जाणती मंडळी गेली कित्येक वर्षं सांगत आली आहेत. खेळ सोंगांचा. टेबलाभोवती पाच-सहा माणसं बसतात. एक जण सूत्रधार होऊन "समोर भुयार आहे, आत कुणीतरी घोरतंय," असं सांगतो. बाकीच्यांनी आपापल्या सोंगाने काय करायचं ते बोलायचं आणि नशिबाचा कौल फाशावर घ्यायचा. सोंगाच्या प्रकाराला तिकडे 'क्लास' म्हणतात. आपल्याकडे क्लास म्हटला की लोक आधी फी विचारतात, म्हणून मी आपला 'पेशा' म्हणतो.

या खेळाचा जन्म १९७४ सालचा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी गॅरी गायगॅक्स नावाचे गृहस्थ राहत. विम्याची नोकरी सुटल्यावर ते घरच्या तळघरात जोडे दुरुस्त करीत आणि उरलेल्या वेळात युद्धाचे खेळ रचत. (जोडे किती झाले आणि खेळ किती, हे त्यांच्या पत्नीला विचारायला हवं होतं.) मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन यांच्या जोडीने त्यांनी तीन चोपड्या काढल्या. खोक्याला दहा डॉलर, पहिल्या हजार प्रती, आणि खोके भरायचे घरीच. पापड-लोणच्यांचा गृहोद्योग याहून फार वेगळा नसतो.

त्या चोपड्यांत पेशे तीनच: लढवय्या, जादूगार आणि देवभक्त. पहिल्या पायरीवरच्या लढवय्याला पदवी 'व्हेटरन', म्हणजे मुरलेला शिपाई! आयुष्यात उंदीर मारलेला नाही आणि पदवी ही. जादूगाराचं दुखणं निराळं. त्याला दिवसाकाठी एकच मंत्र. तो म्हटला की डोक्यातून पुसला जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ करायचा. ही कल्पना जॅक व्हान्स या कथालेखकाची. पण परीक्षेनंतरचा आपला कुठलाही विद्यार्थी ती सुचवू शकला असता. हातात तलवार नाही, अंगात चिलखत नाही, फक्त सुरी. १९७८ च्या पुस्तकात लढवय्याचा जीव दहा बाजूंच्या फाशाने ठरे आणि जादूगाराचा चार बाजूंच्या. एक पडला तर बोक्याने ओरबाडलं तरी खेळ खलास. देवभक्ताला तर १९७४ साली पहिल्या पायरीवर एकही मंत्र नव्हता. भक्ती आधी, प्रसाद मागाहून.

१९७५ साली चोर आला. भिंत चढण्यात पठ्ठ्या शंभरात सत्त्याऐंशी वेळा यशस्वी, अंधारात लपण्यात मात्र दहा वेळा. म्हणजे चढायचं झोकात आणि वर जाऊन सापडायचं. शाहिराची कथा याहून करुण. १९७८ च्या नियमांत शाहीर व्हायचं तर आधी लढवय्या, मग चोर, आणि त्यानंतर निसर्गपूजकांकडे शागिर्दी. इतकं होईपर्यंत गळा राहायचा का?

हे सगळं पाहता लढवय्याचा सल्ला रास्त वाटतो. जीव दांडगा, नियम थोडे. पाळी आली की "मारतो" म्हणायचं आणि फासा टाकायचा. १९८३ च्या लाल खोक्यात एकट्याने वाचत शिकायची गोष्ट होती, तिथेही वाचक लढवय्याच. वाटेत त्याला अलीना नावाची देवभक्त मुलगी भेटते, चार गोष्टी समजावते, आणि थोड्याच वेळात बार्गल हा दुष्ट जादूगार तिला ठार करतो. नियम शिकवता शिकवता त्या पुस्तकाने कित्येक पोरांना पहिला चटका दिला. तिचं नाव काढलं की पन्नाशीतली माणसं अजून हळवी होतात.

तरी माझं मत वेगळं आहे. नवख्याची खरी अडचण नियमांची नसतेच. पाच मुरलेल्या माणसांत तोंड कसं उघडावं, ही असते. इकडे चौघे नकाशावर वाकून खलबत करतात आणि लढवय्याला सांगतात, "तू दाराशी उभा राहा." लगोरीत आम्ही धाकट्या पोराला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचो, तेच हे. त्याला कुणी बाद करत नाही आणि कुणी मोजतही नाही. असं पोर पुढच्या रविवारी येत नाही.

माझी भाची पुण्यात अशा एका टोळक्यात गेली, तेव्हा १९८१ चे जुने नियम चालू होते. सर्वांनी "लढवय्या घे" म्हटलं. तिने जादूगार घेतला. वाट्याला जीव दोन, मंत्र एक: झोपेचा. आता नव्या आवृत्त्यांत जादूगाराला छोटे मंत्र हवे तितके वेळा म्हणता येतात. २००८ पासून ही सोय झाली. तेव्हा तसली चैन नव्हती. मंडळी मंत्र वाचवून ठेव म्हणत होती. तिने दोन तास तो सांभाळला. मग सात गॉब्लिन अंगावर आले, लढवय्ये तलवारी शोधू लागले आणि ही म्हणाली, "झोपा." सातही घोरायला लागले. त्यानंतर रात्री दहापर्यंत तिच्याकडे सुरीखेरीज काही नव्हतं, पण प्रत्येक दारापाशी चौघेही थांबून तिला विचारत होते, "काय करायचं?"