आकेरची एकशेदहा वर्षे



नॉर्वे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ, मध्यरात्रीचा सूर्य आणि फार तर इब्सेनची नोरा उभी राहते. आज ज्या गावाची हकीकत मी सांगणार आहे ते यांपैकी कशासाठीच प्रसिद्ध नाही. त्याचे नाव आकेर. १ जानेवारी १९४८ रोजी ते ओस्लो शहरात विलीन झाले. परंतु त्यापूर्वी एकशेदहा वर्षे ते आपला कारभार आपण पाहत होते, आणि तेही राजधानीच्या उंबरठ्यावर बसून!

नावापासूनच आरंभ करू. ‘आकेर’ म्हणजे शेत. ऋग्वेदातला ‘अज्र’ हा शब्द साधारण याच अर्थाचा, आणि भाषाशास्त्रज्ञ दोहोंना एकाच मुळाची अपत्ये मानतात. इतक्या दूर आपले एक नातलग निघावे याची मला मोठी गंमत वाटते. हे शेत शहरापेक्षा वडील आहे. बाराव्या शतकातले आकेरचे दगडी चर्च आजच्या ओस्लोतील सर्वांत जुनी उभी इमारत होय. पाचव्या होकोन राजाने १३०० सालच्या सुमारास खाडीवर किल्ला बांधला, त्याचेही नाव आकेर्सहूस. १६२४ साली जुने ओस्लो आगीत भस्मसात झाले, तेव्हा चौथ्या ख्रिस्तियान राजाने या किल्ल्याच्या आश्रयाने नवे नगर वसवले आणि त्याला स्वतःचे नाव दिले : क्रिस्तियानिया. ओस्लो हे नाव राजधानीला परत मिळाले ते १९२५ साली.

आगीचा धसका घेतलेल्या राजाने एक नियम घातला. नव्या नगरात नुसती लाकडी घरे बांधायची नाहीत. नियम शहाणपणाचा खरा. पण विटा परवडणार कोणाला? हमाल, सुतार, मोलमजुरी करणारे यांनी शहराची शीव ओलांडली आणि पलीकडे लाकडाची घरे उभारली. पलीकडे म्हणजे आकेरच्या जमिनीवर. शहराला ज्यांचे हात हवे होते पण ज्यांची घरे नको होती, त्यांना आसरा या शेताने दिला.

१४ जानेवारी १८३७ चा कायदा हा नॉर्वेच्या इतिहासातील मोठा टप्पा. तेव्हा नॉर्वे स्वीडनशी एका राजाखाली जोडलेला होता, पण १८१४ ची राज्यघटना त्याची स्वतःची होती आणि १८३२ च्या निवडणुकीत शेतकरी मोठ्या संख्येने संसदेत पोहोचले होते. त्या कायद्याने शहरांप्रमाणे खेड्यांनाही निवडलेली मंडळे मिळाली. पूर्वी सरकारी अधिकारी आणि धर्मगुरू ठरवीत ते आता शेतकरी ठरवू लागला. मंडळाच्या प्रमुखाला ते ‘ऊर्दफ्योरर’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर ‘शब्द वाहणारा’. किती सुंदर पदवी! मात्र भुलून जाऊ नका. मताचा हक्क प्रारंभी जमीनवाल्यांपुरता आणि अधिकारी-व्यापाऱ्यांपुरता होता. तो सर्व पुरुषांना मिळाला १९०१ साली, सर्व स्त्रियांना १९१० साली.

१८३८ पासून आकेरचे मंडळ काम करू लागले. आणि लगेच शहराची भूक वाढू लागली. आकेर नदीच्या धबधब्यांवर गिरण्या आल्या. १८४५ साली नीदालेन येथे सूतगिरणीची कंपनी निघाली. शहराला प्यायला पाणी लागे ते आकेरमधल्या मारिदाल सरोवराचे. १८५९ साली शिवेवरचा भाग सुमारे ९,५०० माणसांसह शहराला जोडला गेला. १८७८ साली आणखी सुमारे १९,००० माणसे गेली. काम्पेन आणि व्होलेरेंगा या लाकडी घरांच्या वस्त्या त्यांत होत्या. विटांच्या नियमापासून पळालेली माणसे पुन्हा त्याच नियमाच्या कक्षेत आली! शीव चालत त्यांच्या दारी आली होती.

पुढे दिशा फिरली. १८९८ मध्ये होल्मेनकोलेनची आगगाडी सुरू झाली आणि श्रीमंतांना टेकडीवर राहून शहरात धंदा करता येऊ लागला. पश्चिम आकेरमध्ये बंगले उठले. पूर्वी गरीब शीव ओलांडत होता, आता श्रीमंत ओलांडू लागला. कारण तिकडे हवा चांगली आणि कर हलका. स्वराज्याचे हे रूप मला फारसे भावत नाही. शेतकऱ्याला अधिकार देणारी शीव हळूहळू पैसेवाल्याची ढाल बनली.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस स्थिती काय होती? ओस्लो सुमारे १७ चौरस किलोमीटर आणि त्यात २,८६,२२२ माणसे. भोवतीच्या आकेरमध्ये १,३०,९७६ माणसे, आणि जमीन शहराच्या जवळजवळ पंचवीसपट. जर्मन ताब्याच्या पाच वर्षांत घरबांधणी जवळजवळ थांबलेली. एकेका खोलीत कुटुंबे दाटलेली, आणि शिवेपलीकडे हिरवी शेते. विलीनीकरणाखेरीज मार्ग उरला नव्हता, असेच मला वाटते. पण गावाने शहर गिळले की शहराने गाव? क्षेत्रफळाने पाहिले तर ओस्लो एका रात्रीत सुमारे सत्तावीसपट झाले. म्हणजे नव्या शहरात जमीन बहुतेक सगळी आकेरची, नाव मात्र ओस्लोचे.

लगोलग शेतांवर उपनगरे आली. पहिले लाम्बर्टसेटर, वास्तुकार फ्रोदे रिन्नान यांच्या आराखड्याचे. १९६६ साली भुयारी रेल्वेचा पहिला मार्ग निघाला तोही तिकडेच. अरण्य मात्र बरेचसे वाचले. आजही ओस्लोच्या हद्दीत दोनतृतीयांश भाग जंगलाचा आहे. हिवाळ्यात लोक आगगाडीतून उतरतात आणि स्की बांधून सरळ झाडीत शिरतात. त्या जंगलाच्या रक्षणासाठी २००९ साली खास कायदा करावा लागला.

१८९५ साली उघडलेले रुग्णालय आकेरचेच नाव सांगते. १८४१ साली स्थापन झालेला आकेरचा यंत्रकारखाना पुढे जहाजे बांधू लागला आणि १९८२ मध्ये बंद पडला; त्या जागी धक्क्यावर उपाहारगृहे निघाली आणि त्या भागाला आकेर ब्रुग्गे म्हणतात. संध्याकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांपैकी किती जणांना आपण ‘शेताच्या धक्क्यावर’ उभे आहोत हे जाणवत असेल? आणि ते लाम्बर्टसेटर, तेही मूळचे आकेरमधल्या एका शेतवाडीचेच नाव.