वेदना, मॉर्फिन आणि डॉक्टर : प्रस्तावना

अफूजन्य वेदनाशामके द्यावीत की देऊ नयेत, एवढाच प्रश्न घेऊन आलेल्या वाचकाचेही या विषयात स्वागत आहे. मात्र थोड्याच वेळात त्याच्यापुढे दुसरे प्रश्न उभे राहतील : कोणाला, कशासाठी, किती दिवस, आणि चिठ्ठी लिहून दिल्यावर रुग्णाकडे लक्ष कोण ठेवणार?

अमेरिकेत काय घडले ते बारकाईने वाचावे. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापले गेले. रुग्णालयात दाखल असताना ही औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन जडल्याची बऱ्यापैकी नोंद फक्त चौघांची सापडली, एवढेच त्यात होते. ते निरीक्षण पुढे घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांनाही बेधडक लावले गेले. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीचे ऑक्सिकॉन्टिन हे अफूजन्य वेदनाशामक बाजारात आले, तेही व्यसनाचा धोका कमी असल्याचे सांगत. या प्रचाराबद्दल २००७ मध्ये पर्ड्यूच्या संलग्न कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तरीही सगळा दोष कंपनीच्या माथी मारून डॉक्टरांना सुटता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ पत्र वाचायला दोन मिनिटे पुरली असती. नंतर व्यसनाच्या फैलावाने धास्तावलेल्या डॉक्टरांनी जुन्या रुग्णांची औषधे एकाएकी तोडली, हीसुद्धा हेळसांडच होती.

आपल्याकडचे दुखणे वेगळे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. पण १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक शिक्षा आणि परवान्यांची किचकट वाट यांमुळे रुग्णालयांनी अफूपासून मिळणारे मॉर्फिन ठेवणेच सोडले. कर्करोगाचे रुग्ण तळमळत राहिले. मुंबईत वांद्र्याच्या शांती अवेदना सदनाने १९८६ पासून अशा रुग्णांना आसरा दिला. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम उभे केले, कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. भीती मात्र तशी हटत नाही. ‘मॉर्फिन सुरू केले म्हणजे आता संपलेच,’ असे समजून नातेवाईक खचतात. त्यांच्याजवळ बसून समजावणे, डोस हळूहळू ठरवणे, सोबत बद्धकोष्ठतेचे औषध न विसरता लिहिणे, हा नीतीचाच भाग आहे.

वैद्यक शिकणाऱ्या वाचकाला एक विनंती : पुढचे प्रकरण उघडण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात मॉर्फिनची गोळी मिळते का, याची चौकशी करा. मिळत नसेल, तर का मिळत नाही हेही विचारा.