उरलेल्या कडांची गोष्ट

करंजी भरून कातण्याने कातली की परातीत कडांच्या पट्ट्या उरतात. साधी करंजी असेल तर त्या पुन्हा गोळ्यात मळून घेता येतात. साट्याची असेल तर मात्र मळताच पदर मोडतात आणि केलेली मेहनत वाया जाते. युरोपातील स्वयंपाकघरांपुढेही हीच अडचण होती. तेथे ती पफ पेस्ट्रीच्या कडांची होती.

ही पेस्ट्री क्लोद लोराँ या चित्रकाराने शोधली, अशी एक कथा सांगतात. ती दंतकथाच म्हटली पाहिजे. स्पेनच्या राजाचा मुख्य आचारी फ्रान्सिस्को मार्तीनेस मोतिन्यो याच्या १६११ सालच्या ग्रंथात पदर सुटणाऱ्या पिठाच्या कृती आहेत, आणि त्या वेळी लोराँ अगदी लहान पोर होता. पुढे १६५१ साली ला व्हारेन याच्या ग्रंथाने ही विद्या फ्रान्समध्ये रूढ केली.

तिचे तंत्र असे : मैद्याच्या पोळीत घट्ट लोणी गुंडाळावयाचे, लाटावयाचे, तिच्या तीन घड्या घालावयाच्या, पुन्हा लाटावयाचे. असे सहा वेळा केले म्हणजे लोण्याचे ७२९ थर होतात. भट्टीत पाण्याची वाफ होते आणि ती एकेक पापुद्रा उचलून धरते. थर शाबूत राहिले तरच हे घडते. म्हणून कसबी आचारी उरलेल्या तुकड्यांचा गोळा करीत नाही. ते एकावर एक आडवे रचून मग लाटतो. अशा पिठाला पहिल्याइतकी फुगवटी येत नाही, पण खुसखुशीतपणा येतो, आणि खारट खाऊला तेवढे पुरते.

इंग्लंडमध्ये या काटकसरीला छापील प्रतिष्ठा मिळाली ती १८६१ साली. इसाबेला बीटन या तरुण गृहिणीचा गृहव्यवस्थेवरील जाडजूड ग्रंथ त्या वर्षी प्रसिद्ध झाला. बीटनबाई १८६५ साली, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी वारल्या. ग्रंथ मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालला. आयांपासून दूर, नव्या शहरांत संसार मांडणाऱ्या मध्यमवर्गीय स्त्रियांना पदार्थाची कृतीच नव्हे, तर लागणारा वेळ आणि येणारा खर्चही त्यात लिहिलेला सापडे. लोणी महाग, त्यामुळे मोठ्या टार्टच्या कडा फेकून देणे म्हणजे पैसेच फेकणे होते.

त्या ग्रंथात ‘पेस्ट्री रॅमेकिन’ नावाची कृती आहे. उरलेले तुकडे गोळा करून सारखे लाटावेत, वर किसलेले चेशायर किंवा स्टिल्टन चीज पसरावे, तीन घड्या घालाव्यात, पुन्हा लाटून पुन्हा चीज घालावे, आणि हवे ते आकार कापून कडक भट्टीत दहा-पंधरा मिनिटे भाजावेत. तुकडे कसे रचावेत याविषयी बाई काही बोलत नाहीत. परंतु त्यांच्या घड्यांतच खरी युक्ती आहे. चीज आत जाते आणि मोडलेल्या थरांवर नवे थरही चढतात. आपल्याकडे ज्यांनी चहात खारी बुडवून खाल्ली आहे, त्यांना या खाऊचे पापुद्रे परके वाटणार नाहीत. इंग्रजी घरात मात्र तो जेवणाच्या अखेरीस, चीजच्या वेळी, गरम रुमालावर मांडून येई.

बीटनबाईंनी पुष्कळ कृती एलायझा ॲक्टन आदी पूर्वसूरींकडून उचलल्या, हे आता अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तेव्हा ही कृतीही त्यांची स्वतःची असेलच असे नाही. ती प्रथम सुचली ती बहुधा पगारी स्वयंपाकिणीला. लाटणे तिच्याच हातात असे, आणि उरलेल्या कडाही तिच्याच समोर असत. तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

कृतीच्या शेवटी बाईंना राहवत नाही. खर्चाची फिकीर नसेल तर पार्मेझान चीज सर्वांत उत्तम, आणि भट्टीत घालण्यापूर्वी वरून अंड्याचा बलक फासला तर रूप खुलते, असे त्या सुचवितात. उरलेल्या तुकड्यांसाठी थेट इटलीचे चीज!