अहेरीच्या रानाचा दावा

एटापल्लीच्या भोंवतीं सागाचें, मोहाचें आणि बांबूचें जें दाट रान पसरलें आहे, त्याला आज कोणी जमीनदाराचें रान म्हणत नाहीं. परंतु १९५१ सालापर्यंत या मुलखांतील बरेंचसें जंगल जमीनदाऱ्यांत वांटलेलें होतें, आणि त्यांत शेजारच्या अहेरीची जमीनदारी सर्वांत विस्तीर्ण. तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील सिरोंचा तहसिलींत ती मोडे. तिचे धनी आत्राम हें राजगोंड घराणें.

सार्वजनिक कार्यासाठीं मोबदला देऊन खाजगी मिळकत ताब्यांत घेण्याचा अधिकार राजसत्तेला असतो, हें तत्त्व १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यानें येथें दृढ झालें होतें. लोहमार्ग, कालवे, कचेऱ्या यांसाठीं त्याचा उपयोग होई. एक अखंड अरण्यच त्या तत्त्वाच्या बळावर सरकारजमा होईल, ही कल्पना त्या काळीं फारशी कोणाच्या मनांत आली नसावी.

५ एप्रिल १९५० रोजीं मध्यप्रदेशच्या विधानसभेनें जमीनदार व मालगुजार यांचे मालकी हक्क नष्ट करणारा कायदा केला. २२ जानेवारी १९५१ रोजीं त्याला राष्ट्रपतींची संमति मिळाली, आणि ३१ मार्च हा ताब्याचा दिवस ठरला. कुरणें, झुडपी जंगल, मोठें अरण्य, झाडें, विहिरी, मासेमारीचीं ठिकाणें, सारेंच सरकारकडे जावयाचें होतें.

अहेरीचे जमीनदार राजे विश्वेश्वरराव यांनीं थेट सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली. या संपादनामागें सार्वजनिक हेतु नाहीं आणि मोबदला केवळ नांवाचा आहे, असें त्यांचें म्हणणें. तिसरा मुद्दा मोठा चतुर होता: विधानसभेच्या कामकाजांत हें विधेयक अखेरीस मताला टाकून संमत झाल्याची नोंदच नाहीं, तेव्हां कायदा झाला तरी केव्हां? हा दावा चालूं असतांनाच जून १९५१ मध्यें राज्यघटनेची पहिली दुरुस्ती झाली, आणि नवव्या परिशिष्टांत हा कायदाहि बसविण्यांत आला. मे १९५२ मध्यें न्यायालयानें अर्ज फेटाळला. अध्यक्षांनीं विधेयकावर केलेला शेरा पुरेसा आहे, असें ठरलें. वकिलाची हुशारी वायां गेली, पण ती लक्षांत राहण्याजोगी आहे.

या कायद्याचा हेतु अरण्यरक्षण नव्हता. मधला मालक दूर करणें हा होता. रान सरकारी झालें म्हणून कुऱ्हाड थांबली नाहीं. साग तुटतच राहिला आणि पुढें बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जाऊं लागला. शिवाय मोबदल्याचा हिशोब झाला तो मालकाचा. ज्या माडियाचा मोह, तेंदू आणि पेंड्याची शेती याच रानावर चाले, तो कागदोपत्रीं कशाचाच मालक नव्हता. त्याच्या वांट्याला सरपण व चराई यांचा निस्तार तेवढा राहिला, आणि तोहि सरकारी मर्जीचा.

दैवगति अशी कीं, हेच विश्वेश्वरराव १९७७ मध्यें चंद्रपूरहून लोकसभेवर निवडून गेले, आणि इंद्रावती व गोदावरी या नद्यांवर भोपालपट्टणम् व इचंपल्ली येथें धरणें योजिलीं गेलीं तेव्हां, १९८० नंतरच्या दशकांत, बुडणाऱ्या रानाच्या बाजूनें उभे राहिले. बाबा आमटेहि त्या विरोधांत होते. सार्वजनिक हेतूचा प्रश्न राजांनीं दुसऱ्यांदां विचारला, पण या वेळीं तो स्वतःच्या मिळकतीसाठीं नव्हता. तीं धरणें झालीं नाहींत.

गांवाच्या हातांत मात्र अधिकार यावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं. १९९६ च्या पंचायतविषयक कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांत भूमिसंपादनापूर्वीं ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा विचार घेणें आवश्यक केलें. एटापल्ली अशाच क्षेत्रांत येते. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तर रान राखण्याचा हक्कच ग्रामसभेला दिला. त्याच गडचिरोली जिल्ह्यांत, धानोरा तालुक्यांतील मेंढा या लहानशा गांवाला २००९ मध्यें सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यासाठीं कोणाचीहि मिळकत घ्यावी लागली नाहीं, आणि मोबदलाहि द्यावा लागला नाहीं.