कोषाचं वजन आणि संप्रेरकांचा शोध

रेशमाची अळी अंड्यातून निघाल्यापासून सुमारे 25 दिवसांत वजनात जवळपास 10,000 पटींनी वाढते आणि मग एकाएकी तुतीचा पाला सोडून कोष विणू लागते. वाढ पाल्यावर अवलंबून असते हे संगोपकांना पूर्वापार ठाऊक होतं. पण पाला फक्त वाढीचा वेग ठरवतो. अळी थांबणार कधी, हे संप्रेरकं ठरवतात. हा उलगडा होण्यात रेशीम व्यवसायाचा वाटा आपण मानतो त्याहून बराच मोठा आहे. 1938 मध्ये फ्रान्समध्ये बूनिओल यांनी लहान अळ्यांच्या मेंदूमागच्या इवल्याशा ग्रंथी काढून टाकल्या. त्या अळ्यांनी वेळेआधीच कोष केले आणि त्यांतून बुटके पतंग बाहेर पडले. म्हणजे अळीला अळीच ठेवणारा स्राव, अर्थात बाल्यसंप्रेरक, त्या ग्रंथींत होता. 1940 मध्ये जपानमध्ये फुकुदा यांनी दाखवून दिलं की अळीचा प्यूपा (कोषातली अवस्था) व्हायला छातीतल्या ग्रंथी लागतात. त्या ग्रंथींशी निगडित संप्रेरक, एक्डायसोन, 1954 मध्ये ब्यूटेनांट आणि कार्लसन यांनी जर्मनीत शुद्ध रूपात वेगळं केलं. त्यासाठी रेशीमकिड्यांचे 500 किलो प्यूपा लागले आणि हाती आले अवघे 25 मिलीग्रॅम स्फटिक!

यावर कुणी म्हणेल की मूळ कल्पना रेशमातून आलीच नाही. ते खरं आहे. कोपेच यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पोलंडमध्ये रूपांतरावरचा मेंदूचा प्रभाव दाखवला तो जिप्सी पतंगाच्या अळ्यांवर, आणि विगल्सवर्थ यांनी 1934 मध्ये लंडनमध्ये प्रयोग केले ते रक्त पिणाऱ्या ढेकणावर्गीय कीटकावर. बाल्यसंप्रेरकाचा तेलकट अर्कही विल्यम्स यांना 1956 मध्ये मिळाला तो अमेरिकेतल्या रानटी सिक्रोपिया पतंगातून. तेव्हा कल्पनेचं श्रेय रेशमाला देता येणार नाही. पण ‘स्राव आहे’ इथून ‘तो पदार्थ कोणता’ इथवर पोचायला एकाच जातीचे, एकाच वयाचे कीटक किलोंनी हवे होते, आणि अशी पैदास पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते ते रेशीम संगोपकच. तो माल नसता, तर एक्डायसोन आणखी बराच काळ केवळ तर्कातच राहिलं असतं.

या ज्ञानाचा लाभ व्यवसायालाही झाला. जपानमध्ये पाचव्या अवस्थेतल्या अळ्यांना बाल्यसंप्रेरकासारखं काम करणारं मेथोप्रिन अगदी अल्प मात्रेत देऊ लागले. अळी थोडी जास्त काळ खाते आणि कोष वजनदार होतो. मात्रा जास्त झाली, तर ती कोष विणतच नाही.