मँचेस्टरचे इंजिन आणि वऱ्हाडची शकुंतला

जळोची-बारामती परिसराला दौंडशी जोडणारा लोहमार्ग आज ब्रॉडगेज आहे. मुळात मात्र तो अवघ्या २ फूट ६ इंच मापाचा होता. त्याच मापाचा एक मार्ग वऱ्हाडात होता : यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, सुमारे १९० किलोमीटर. बारामतीचा मार्ग रुंद झाला. वऱ्हाडातील अरुंदच राहिला, आणि त्यावरील ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेवर धावली.

तिचे ‘झेडडी’ जातीचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडले आणि १९२३ मध्ये सेवेत आले. मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती त्यानंतर, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी! वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जावा, यासाठी हा मार्ग. आणि तो ओढणारे यंत्रही मँचेस्टरचेच. वसाहतीच्या अर्थकारणाचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल.

परंतु हे इंजिन सत्तर वर्षे टिकले कसे? केवळ लोखंडाच्या गुणाने नव्हे. मार्गाची मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी’कडे होती. १९५१ च्या सुमारास देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग करारामुळे खासगीच राहिला. मालक कंपनी, गाडी चालवणार मध्य रेल्वे. अशा दुहेरी कारभारात नव्या इंजिनावर, नव्या रुळांवर पैसा कोणी घालायचा? जुनेच यंत्र राबत राहिले, यात नवल नाही.

गावकऱ्यांना करारमदाराशी कर्तव्य नव्हते. एसटीपेक्षा स्वस्त तिकिटात बाजार, दवाखाना, नातलग गाठता येत. मधल्या स्थानकांवर वेगळा कर्मचारीवर्ग जवळजवळ नसेच. तिकिटे देणे, सिग्नल पाडणे, डबे जोडणे-सोडणे ही कामे गाडीसोबतची मंडळीच करीत.

चित्तरंजनच्या कारखान्याने ब्रॉडगेजचे अखेरचे वाफेचे इंजिन १९७० मध्येच बनवले होते. शकुंतलेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. पुढे ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर–फिरोजपूर मार्गावर ब्रॉडगेजवरील नियमित वाफेची अखेरची गाडी धावली.

शकुंतलेला डिझेल इंजिन मिळाले. रूळ मात्र तेच होते. वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपासच राहिला.